परत फिरणाऱ्यांसाठी शाल

शिखरावर जाऊन आलेल्या माणसाकडे खैरनार काका ढुंकूनही बघत नाहीत. जो अर्ध्या वाटेतून परत फिरला, त्याला मात्र ते पार्किंग लॉटमध्ये थांबवतात, त्याच्या खांद्यावर शाल घालतात, हातात बेसनाचा लाडू देतात आणि दोन मिनिटं भाषण करतात. भाषण इंग्रजीत असतं, पण चाल नाशिकच्या सत्कार समारंभाची. "ऑन धिस डायस" म्हणतात तेव्हा डायस म्हणजे त्यांच्या गाडीची उघडी डिकी असते, आणि सत्कारमूर्ती स्कीचे बूट घालून अवघडून उभा असतो.

हे चालतं अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूपासून तासाभरावर, डोंगरात. तिथे काही लोक रिसॉर्टची हद्द सोडून मोकळ्या बर्फात स्की करायला जातात. हद्दीबाहेर उतार सुरक्षित आहे की नाही हे कुणी बघून ठेवलेलं नसतं, आणि कधीकधी अख्खा उतारच खाली येतो. म्हणून आमच्याकडे एक हिमस्खलन केंद्र आहे. ते रोज सकाळी धोक्याचा अंदाज देतं, लायब्ररीत व्याख्यानं घेतं, आणि शनिवार-रविवारी त्यांचे स्वयंसेवक वाटेच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाचा बीकन चालू आहे का ते तपासतात. बीकन म्हणजे छातीवर बांधायचं छोटं यंत्र. माणूस गाडला गेला, तर सोबतचे लोक त्याच्या सिग्नलवरून त्याला शोधतात.

काका या स्वयंसेवकांपैकी एक. वय एकाहत्तर. स्कीवर उभे आयुष्यात राहिलेले नाहीत.

त्यांचा आवडता प्रश्न एकच, "कोन किती?" उतार तीस अंशांच्या पुढे गेला की बर्फ घसरण्याचा धोका सुरू होतो, हे त्यांनी व्याख्यानात ऐकलं आणि कोन मोजायचं एक यंत्र विकत घेतलं. तेव्हापासून त्यांनी बेलव्ह्यूत काही मोजायचं ठेवलेलं नाही. माझा ड्राइव्हवे नऊ अंश निघाला. माझं छप्पर चौतीस. "सावंत, याच्याखाली गाडी लावू नका," म्हणाले. मी विमा कंपनीत आकडेमोड करणारा माणूस, दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. ते गेल्यावर मी स्वतः मोजलं आणि त्यांना फोन करून सांगितलं की साडेचौतीस आहे. त्यांनी तो आकडा लिहून घेतला. मग म्हणाले, "तुम्ही शनिवारी काय करता?" असा मी स्वयंसेवक झालो.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला त्यांनी प्रात्यक्षिक केलं. फळीवर खाली साबुदाणा, त्यावर रव्याचा थर, वर पिठीसाखर. साबुदाण्याचे दाणे एकमेकांना धरून राहत नाहीत, बर्फातही कधीकधी असाच एक कच्चा थर दडलेला असतो, हे त्यांना दाखवायचं होतं. फळी हळूहळू उचलत ते लोकांना कोन विचारत राहिले. वरचा सगळा थर एकदम सुटला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या अध्यक्षीणबाईंच्या पैठणीवर गेला. मुलांनी तीनदा वन्स मोअर दिला. खिचडीचा साबुदाणा त्यातच संपल्यामुळे उपवासवाल्यांना केळी मिळाली.

शालींचं म्हणाल, तर काका दोन वेळा मंडळाचे अध्यक्ष होते, त्यामुळे घरात शालींचा ढीग. न वापरलेल्या शाली आमच्याही कपाटात आहेत, पण त्या डोंगरावर न्याव्यात असं आम्हाला सुचलं नाही. सुरुवातीला नारळही असायचा. एका सत्कारमूर्तीने तो बर्फाचा गोळा समजून मित्राकडे फेकला, तेव्हापासून लाडू.

स्वयंसेवकांची प्रमुख केली नावाची बाई आहे. तिला आधी हा प्रकार विचित्र वाटला. मग तिच्या लक्षात आलं की परत आलेले लोक तोंड लपवून गाडीत बसायचे, ते आता थांबून का परत आलो ते सांगतात, आणि वर निघालेले ते ऐकतात. दोन दाढीवाले तर दोन आठवडे लागोपाठ परत फिरून आले. दुसऱ्यांदा काकांना संशय आला. त्यांनी कोन विचारला. वीस, असं उत्तर आलं. "वीसला कोण परत फिरतं? लाडू घ्या. शाल नाही."

ढिगातली सगळ्यात खालची शाल मात्र ते कधी काढत नसत. आंब्याच्या रंगाची, जांभळ्या काठाची, अजून लेबलसकट. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिचा नंबर यायचाय."

आता गौरीबद्दल सांगायला हवं. गौरी ही त्यांची एकुलती मुलगी, इथेच जन्मलेली. ती मेडिकलला होती. दुसऱ्या वर्षी सोडून घरी आली. काका मंडळात सांगायचे, "ब्रेक घेतलाय." हा ब्रेक इतका लांबला की लोकांनी विचारणं सोडलं आणि काकांनी सांगणं. गौरी याच केंद्रात नोकरीला लागली. डोंगरावर बर्फात खड्डे खणून ती थर तपासते. बापलेकीत भांडण असं नव्हतं, पण बोलणं काय ते हवामानापुरतं. लायब्ररीतलं ते व्याख्यान तिचंच होतं. काका शेवटच्या रांगेत बसून ऐकून आले होते.

गेल्या महिन्यातला शनिवार. ताजा बर्फ, लख्ख ऊन, पार्किंग भरलेलं. गौरी आणि तिचा सहकारी उत्तरेकडच्या उतारावर थर तपासायला गेले होते. संध्याकाळपर्यंत यायचे ते जेवणाच्या वेळेलाच परत दिसले. पायाखाली बर्फ धप्पकन बसल्याचा, म्हणजे आतला कच्चा थर मोडल्याचा, आवाज आला म्हणून ठरलेल्या जागी न जाताच फिरलो, असं तिने केलीला सांगितलं. केली हसून काकांकडे वळली आणि नियम सगळ्यांना सारखा म्हणाली. दाढीवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या.

काकांनी ढीग उचलून बाजूला ठेवला आणि खालची शाल काढली. शेजारी शैलाकाकू, गौरीची आई, थर्मासमधून चहा ओतत होत्या. ओतायच्या थांबल्या. मला हळूच म्हणाल्या, "नाशिकहून आणलेली. तिच्या डिग्रीच्या दिवशी घालायची म्हणून."

गौरीने मान खाली केली. काकांनी शाल घातली, काठ नीट केले, पुन्हा नीट केले. नेहमीचं इंग्रजी भाषण केलं नाही.  मराठीत म्हणाले, "ही तेव्हाच द्यायला हवी होती. कॉलेज सोडून आलीस तेव्हा. किती अवघड झालं होतं तुला, काही विचारलंसुद्धा नाही मी."

गौरी त्यांना एरवी इंग्रजीत उत्तर देते. या वेळी म्हणाली, "मग आता विचार ना, बाबा. मला वेळ आहे."

काका डिकीच्या कडेवर बसले आणि शेजारचा बर्फ हाताने झाडून तिला जागा केली. दोघांत एकच लाडू होता, तो त्यांनी मोडला. मोठा तुकडा कुणाला गेला हे मी बघितलं, पण सांगत नाही.

बीकन तपासायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने एक उंच पोरगेलासा माणूस उतरून आला. आपण अर्ध्यातून परत फिरलोय, इथे शाल मिळते असं ऐकलंय, म्हणाला. मी त्याला लाडू दिला आणि शालीसाठी थोडं थांबायला सांगितलं. म्हटलं, अध्यक्ष कामात आहेत.