ओसाड बेटाची सहल

“माझ्या बेटावर कोणी राहत नाही? मग तिथं अंडी काय समुद्राने घातली?” ठिपकाबाई कोंबडी किनाऱ्यावर पंख आपटून ओरडत होती.

“बाई, आवाज चढवू नका. मोजणीत ते बेट ओसाड आहे,” शुभ्रकांत बगळा म्हणाला. तो राज्याचा प्रधान होता. एका पायावर उभा राहूनसुद्धा रुबाबात बोलायचा.

“ओसाड तुमचं डोकं!”

मुलांनो, हे भांडण चालू राहू द्या. ठिपकाबाईचा घसा दणकट आहे, ती इतक्यात दमायची नाही. तोवर भांडण लागलं कसं, ते सांगते.

एका समुद्रात एक राज्य होतं. जंगलात नाही, समुद्रात. जंगलातल्या राज्यांचा मला केव्हाच कंटाळा आलाय. या राज्यात बेटंच बेटं होती. मधोमध थोरलं बेट आणि भोवती धाकटी बेटं, पोळपाटाभोवती पीठ सांडावं तशी. कुठे ससे, कुठे माकडं, कुठे डुकरं. केवड्याच्या बेटावर ठिपकाबाई आणि तिची शेजारीण बदकीण. ज्याला जिथं बरं वाटलं तिथं तो राहत होता. कोणी कोणाला विचारत नव्हतं, म्हणून सगळं छान चाललं होतं.

राजा होता रेडा. थोरल्या बेटावरच्या चिखलात बसून तो राज्य करायचा. एक दिवस त्याला वाटलं, आपली प्रजा कोणत्या बेटावर किती राहते हे आपल्याला कळलं पाहिजे. कशाला, ते विचारू नका. राजांना अधूनमधून असं वाटतं.

त्याने प्रधानाला बेटाबेटावर जाऊन मोजायला सांगितलं.

“महाराज, समुद्रात जायचं म्हणजे पाय ओले होतात,” प्रधान म्हणाला.

बगळ्याचे पाय! पण राजाला पटलं. मग प्रधानाने युक्ती काढली. राजाच्या वाढदिवसाला सगळीकडची प्रजा थोरल्या बेटावर जेवायला यायचीच. पंगत बसली की तिथल्या तिथं मोजून टाकायची.

तशी मोजली. पानावर बसलेल्यांच्या चोची मोजल्या, शेपट्या मोजल्या. उत्तर चोख आलं. सगळी प्रजा थोरल्या बेटावर राहते. बाकीच्या बेटांवर कोणीही राहत नाही.

“वा!” राजा म्हणाला. “मग त्या ओसाड बेटांना कासवं कशाला सोडायची?”

त्या राज्यात होड्या नव्हत्या, कासवं होती. पाठीवर बसवून ती सगळ्यांना ने-आण करायची. दुसऱ्या दिवशी पाहुणे ढेकर देत किनाऱ्यावर आले, तर कासवांना बंदी. झालं! जेवायला आलेले सगळे तिथंच अडकले.

ससे एकमेकांच्या कानांवर निजू लागले. साळिंदराच्या शेजारी कोणी झोपायचं यावरून रोज मारामारी. प्रधान मात्र खूश. “पाहा महाराज, मोजणी किती बरोबर होती! खरोखरच सगळे इथं राहतात.”

पुढे डुकरं राजाच्या चिखलात लोळू लागली, तेव्हा कुठे राजाला गर्दी दिसली. “काहीतरी कर रे,” तो प्रधानाला म्हणाला. प्रधानाने लगेच योजना काढली. थोरल्या बेटावर राहणाऱ्यांनी कासवावर बसावं आणि ओसाड बेटांची सहल करून यावं. तेवढीच हवा पालटते.

पाठोबा नावाचं म्हातारं कासव पहिली खेप न्यायला येऊन थांबलं. रांगेत सगळ्यात पुढे ठिपकाबाई.

“राहणार कुठल्या?” प्रधानाने विचारलं.

“केवड्याच्या बेटाची!”

“तिथं कोणी राहत नाही. सहल फक्त थोरल्या बेटाच्या रहिवाशांना. बाजूला व्हा.”

आता कळलं ना, ती का भडकली?

“अहो, माझी अंडी बदकिणीच्या पोटाखाली आहेत!” ठिपकाबाई म्हणाली. “आज-उद्या फुटतील. पिल्लांना पहिली ती दिसली तर तिलाच आई समजतील. तिच्या मागोमाग समुद्रात उतरतील. ती तरंगेल हो, माझी पिल्लं बुडतील!”

“कुठली बदकीण?” प्रधान म्हणाला. “पंगतीला नव्हती. म्हणजे ती नाहीच.”

पाठोबा हळूच म्हणाला, “बाई, काय ते लवकर ठरवा. ओहोटी लागली की मला निघता यायचं नाही.”

ठिपकाबाईने मान तिरकी केली आणि एका डोळ्याने प्रधानाकडे पाहिलं. कोंबडी अशी बघते तेव्हा समजावं, तिला दाणा दिसलाय.

“भाऊजी, मोजणी कधी चुकते का हो?”

“छे! मी स्वतः केलीय.”

“मग मी राहते कुठं?”

“थोरल्या बेटावर.”

“असं होय! मेलं लक्षातच नव्हतं माझ्या.” आणि ती टुणकन पाठोबाच्या पाठीवर चढून बसली. “चल रे पाठोबा. थोरल्या बेटाची बाई हवा खायला निघाली.”

रांगेतले ससे खुसखुसले. मग तेही थोरल्या बेटाचे झाले. माकडं झाली. डुकरं तर चिखल झटकून शपथा घेऊ लागली, की आमचा जन्मच इथला. एकेक कासव भरून निघालं. सगळे अगदी अनोळखी, ओसाड बेटांवर चालले होते, पण वाट कोणीच विचारली नाही.

किनारा मोकळा झाला. प्रधानाला दुसरा पाय टेकायला पहिल्यांदाच जागा मिळाली.

“अहो बाई!” तो लाटांकडे तोंड करून ओरडला. “सगळेच गेलात तर इथं राहणार कोण? परत कधी येणार?”

पिल्लांची काळजी करू नका. त्यांनी कवच फोडून मान बाहेर काढली, तेव्हा समोर ठिपकाबाई होती. बदकीण मागे होती, जराशी हिरमुसलेली.

तात्पर्य: राजाने नेमून दिलंय तिथंच प्रजेने राहावं, निदान मोजणीच्या दिवशी तरी. बाकीच्या दिवसांचं ठिपकाबाई कासवावरूनच प्रधानाला ओरडून सांगून गेली: “येऊ की पुढच्या मोजणीला, फक्त जेवायला काय करणार ते तेवढं आधी कळवा!”