सातव्या सूचनेचे अपवाद

“सहावी वाचलीत आणि एकदम आठवी? मधली सातवी कुठे गेली?”

बायकोने असं विचारताच स्वल्पविरामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. स्वल्पविराम हे त्यांचं ऑफिसातलं नाव. सगळी नोकरी आरोग्य खात्याचे मजकूर लिहिण्यात गेली होती आणि वाक्यात स्वल्पविराम घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कर्करोगाचा धोका कमी करण्यासाठी लोकांना काय सांगावं, हे ठरवायला एक समिती नेमली होती आणि ते तिचे सचिव होते. समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका बड्या डॉक्टरांनी, पहिल्याच बैठकीत नियम घालून दिला होता : प्रत्येक सूचना घरी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायची. ऐकणाऱ्याला कळली नाही तर चूक आपली.

त्यामुळे रोज जेवणानंतर वाचन चाले.

“तंबाखू कोणत्याही रूपात नको.”

“कळलं.”

“वजन आटोक्यात ठेवा.”

“हे माझ्याकडे बघून वाचायची काही गरज नव्हती.”

सातवी मात्र आजवर कधीच वाचली गेली नव्हती. “ती अजून पक्की व्हायची आहे,” ते पुटपुटले आणि पाणी प्यायला उठले. पाणीसुद्धा ते हल्ली तोंडाच्या उजव्या बाजूनेच पीत.

खरं तर सातवी सूचना सगळ्यांत आधी पक्की झाली होती. ‘तोंडातली जखम तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा.’ वाक्य त्यांचंच होतं. पण ते लिहून झाल्यावर त्यांच्या डाव्या गालात आतून एक जखम उठली आणि मुक्कामालाच राहिली. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत ते वाक्य कागदावरून त्यांच्याकडे टक लावून बघू लागलं. आजाराची सगळी माहिती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. तीच आता अंगावर येत होती.

शेवटी एका बैठकीत त्यांनी घसा साफ केला. “सर, एखाद्याला दात लागूनही जखम होते. लोक उगीच घाबरतील. तेवढा अपवाद घालावा का?”

“घाला,” अध्यक्ष ताबडतोब म्हणाले.

पुढच्या बैठकीत गरम चहाने पोळलेल्यांचा अपवाद आला. त्याच्या पुढच्या बैठकीत तंबाखूला कधीच न शिवलेल्यांचा.

“आणि ज्यांनी ती सोडून बरीच वर्षं झाली त्यांचाही,” अध्यक्षांनी पदरची भर घातली.

आकडेवारी सांभाळणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “सर, याला पुरावा काय?” हा प्रश्न त्या प्रत्येक बैठकीत विचारत.

“अनुभव,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने आठवी सूचना काढली.

अध्यक्ष आपलं इतकं ऐकतात, याचं स्वल्पविरामांना नवल वाटलं. जरा अभिमानही वाटला.

पाणी पिऊन ते परत आले तेव्हा कागद बायकोच्या हातात होता. ती मोठ्याने वाचत होती. “तोंडातली जखम, दात लागून झालेली, गरम पदार्थाने पोळून झालेली, तंबाखू कधीच न खाणाऱ्यांना झालेली, अथवा ती पूर्वीच सोडलेल्यांना झालेली वगळता, तीन आठवड्यांत बरी न झाल्यास, सवडीनुसार, डॉक्टरांना दाखवावी.” तिने कागद खाली ठेवला. “ऐकून फार बरं वाटलं. आता कुणालाच जायला नको.”

“म्हणजे कळली ना?”

“चांगली कळली. अहो, किती दिवस तुम्ही एकाच बाजूने जेवताय. मला दिसत नाही होय? म्हटलं, स्वतःहून सांगतील.”

“अगं, दातच लागत असेल...”

“आ करा.”

त्यांनी आ केला. तिने दिव्याखाली नेऊन बघितलं. आता काहीतरी टोमणा येईल म्हणून ते थांबले, पण आला नाही. ती कपाटापाशी गेली आणि उद्या दवाखान्यात जाताना नेसायची साडी काढू लागली. तेव्हा मात्र त्यांना वाटलं की आपण वाक्य लांबवत बसलो आणि इथे भलताच वेळ गेला.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्यांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा दवाखाना निवडला. बाहेरच्या बाकावर लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक नाकाला लावून एक गृहस्थ बसले होते. पुस्तक खाली आलं. अध्यक्ष!

“सर, तुम्ही इकडे?”

“सहज. तुम्ही?”

“मीही सहजच.”

“तुमचाही गालच का?” बायकोने सरळ विचारलं.

अध्यक्षांनी आजूबाजूला बघितलं. “जिभेची कड,” ते हळूच म्हणाले. “बरेच दिवस झाले. काल स्वतःच सातवी मोठ्याने वाचली आणि लाज वाटली.”

“घरी कुणी आधी म्हणालं नाही?”

“घरी कोण आहे, वहिनी? नियम मीच केला, पण वाचून दाखवायला माझ्याकडे माणूसच नाही. बायको होती तेव्हा आरशाची गरज नव्हती.”

बायकोने पर्स उचलून दोघांच्या मध्ये जागा केली आणि तिथे बसली.

स्वल्पविराम आत गेले आणि थोड्याच वेळात उड्या मारायच्या बेतात बाहेर आले. “दातच होता! दाढेचा टवका उडालाय. कड घासून दिली. दोन आठवड्यांनी परत दाखवायचंय, बस्स. बघ, पहिला अपवाद अगदी बरोबर होता!”

“हे डॉक्टरांनी आत आरसा घालून बघितल्यावर कळलं, का तुम्हाला टेबलाशी बसून?”

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. अध्यक्ष आत गेले होते. त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा तोंडात कापूस होता. तपासणीसाठी जिभेचा लहानसा तुकडा घेतला होता आणि टाके पडले होते. बायकोने त्यांना रिक्षात मध्ये बसवून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशीची बैठक समितीच्या इतिहासातली सगळ्यांत छोटी बैठक ठरली, कारण अध्यक्षांना बोलता येत नव्हतं. स्वल्पविरामांनी सातवीतले सगळे अपवाद खोडले आणि जुनं वाक्य वाचलं. त्यापुढे एक नवं जोडलं होतं : ‘कारण काय असेल ते घरबसल्या ठरवू नका.’

आकडेवाल्या बाईंनी सवयीने विचारलं, “याला पुरावा काय?”

अध्यक्षांनी मान वर केली, आ केला आणि जीभ बाहेर काढली.

सूचना एकमताने मंजूर झाली. छापायला गेली तेव्हा तिच्यात एकही स्वल्पविराम नव्हता.

अध्यक्षांच्या तपासणीचा अहवाल यायला आठवडा लागला. तो आठवडा स्वल्पविरामांच्या घरातही कुणी धड जेवलं नाही. मग एका संध्याकाळी फोन वाजला. त्यांनी उचलला तर पलीकडून अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही नको. वहिनींना द्या.”

बायकोने फोन कानाला लावला.

“वहिनी, अहवाल आलाय. अजून उघडला नाही. वाचून दाखवू? कळलं नाही तर सांगा.”

“वाचा,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. पलीकडे पाकीट फाटल्याचा आवाज झाला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मधे दोनदा तिने डोळे मिटले.

“कळलं,” ती अखेर म्हणाली. “अजून बिघडलेलं नाही, पण बिघडायला निघालं होतं. एवढंच ना? मग ते काढून घ्या आणि टाके निघाले की आमच्याकडे जेवायला या. येताना पुढच्या सूचना घेऊन या. वाचून दाखवायला आता माणूस आहे तुम्हाला.”