बोळात अडकलेलं घर

कॅरॅव्हॅन लपवायची कल्पना कोलमॅनचीच. त्याच्या बाकीच्या कल्पनांसारखी तीही त्याला दाढी करताना सुचली.

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो स्वयंपाकघरात आला. "घराच्या अर्जासाठी ती पाहणीवाली बाई दुपारी येणार. परसात ही चाकांवरची पेटी दिसली की संपलं! 'विनापरवाना राहता काय?' म्हणेल, आणि अर्ज केराच्या टोपलीत."

"बाबा, त्या पेटीत आम्ही तीन हिवाळे काढलेत," त्याची लेक सोरखा म्हणाली. "लपवायची म्हणजे काय, खिशात घालायची?"

"त्या डब्लिनच्या दातांच्या डॉक्टरांच्या बंद बंगल्यामागे. ट्रॅक्टरनं ओढून नेऊ. एक दिवसाचा तर प्रश्न!"

कोलमॅनचं म्हणणं तसं साधं होतं. समुद्राकडे उतरत गेलेलं शेत त्याचं स्वतःचं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात लेकीनं चार भिंती उभाराव्यात, एवढंच. काउंटीच्या कचेरीनं दोनदा नाही म्हटलं होतं. एकदा घरामुळे समुद्राचा देखावा बिघडतो म्हणून, एकदा सांडपाणी जमिनीत मुरत नाही म्हणून. देखावा बघायला बांधलेले डब्लिनवाल्यांचे बंगले मात्र किनाऱ्यावर रांगेत उभे होते. उन्हाळ्याचे चार दिवस सोडले तर त्यांच्या भल्यामोठ्या खिडक्यांतून देखावा बघायला कुणीच नसे. हिवाळ्यात संध्याकाळी त्या अख्ख्या उतारावर दिवा लागायचा तो कोलमॅनच्या घरात आणि मागच्या कॅरॅव्हॅनमध्ये.

आयरिश बोलणाऱ्यांच्या या मुलखात घर बांधायचं तर आयरिश येते हे आधी दाखवावं लागे. सोरखाची तोंडी परीक्षा झाली तेव्हा परीक्षकच म्हणाला होता, "बाई, जरा हळू बोला, मला कळू द्या." तेवढी एकच गोष्ट सोपी गेली. नात ब्लॉनिद या वर्षी गावच्या शाळेत जाऊन पट भरला तरच तिथल्या दुसऱ्या शिक्षिकाबाईंची नोकरी टिकणार होती, त्यामुळे या अर्जाकडे सगळं गाव डोळे लावून बसलं होतं.

जावई फेस्टीनं ट्रॅक्टर जोडला. ब्लॉनिद सर्दीनं बेजार होऊन कॅरॅव्हॅनमध्येच झोपली होती.

"तिला उठवू नकोस गं," कोलमॅन म्हणाला. "हे काय, हाकेच्या अंतरावर तर जायचंय. पाळण्यात झोपल्यासारखी झोपेल."

घरापासून हमरस्त्यापर्यंतची वाट म्हणजे दोन दगडी गडग्यांमधला बोळ. कोलमॅन पुढे उलटा चालत दोन्ही हातांनी इशारे करत होता. "ये, ये, ये... येऊ दे... अरे भरपूर जागा आहे!" हे तो म्हणतो न म्हणतो तोच वळणावर कर्र असा आवाज आला आणि कॅरॅव्हॅन दोन्ही गडग्यांच्या मध्ये बुचासारखी बसली. पुढे जाईना, मागे येईना. दार होतं त्या बाजूला गडगा टेकलेला.

"भरपूर जागा होती, नाही का, बाबा?" फेस्टी ट्रॅक्टरवरून म्हणाला.

"तू डावीकडे घेतलंस!"

"डावीकडे घे असं तुम्हीच ओरडलात!"

"माझ्या डावीकडे म्हटलं होतं रे!"

हे चाललं असतानाच समोरून एक छोटी निळी गाडी आली आणि ट्रॅक्टरच्या नाकाशी थांबली. पाहणीवाली बाई वेळेच्या आधीच आली होती. पायात रबरी बूट, गळ्यात कॅमेरा. तिनं ट्रॅक्टर पाहिला, कॅरॅव्हॅन पाहिली आणि मग अर्धवट दाढीचा कोलमॅन पाहिला.

"हे काय आहे?"

"कोंबड्यांचं खुराडं, बाई," कोलमॅन म्हणाला. "शेजाऱ्यांना देतोय."

तेवढ्यात खुराड्यातून आवाज आला, "आजोबा, आपलं घर का हलेना?"

फेस्टी आभाळाकडे बघू लागला.

"तुमच्या कोंबड्या आयरिश फार सुरेख बोलतात," बाई म्हणाली.

पुढे शेत पाहायचं तर वाट कॅरॅव्हॅनमधूनच होती. सोरखा मागच्या खिडकीतून आत शिरली, तिनं पुढची खिडकी उघडली आणि फेस्टीनं हात देऊन बाईंना आत चढवलं. कोलमॅनच्या मनात आलं, आता ही बया उसळणार. पण बाई आत बराच वेळ थांबली. सोरखानं चहा ओतला, सोडा ब्रेडवर लोणी लावलं. बाईनं भिंतीवर चढलेली काळी बुरशी पाहिली, ओल लागू नये म्हणून भिंतीपासून दूर ओढलेला लेकराचा बिछाना पाहिला. ब्लॉनिदनं तिला नाक पुसायला स्वतःचा रुमाल दिला, कारण बाईचंही नाक वाहू लागलं होतं.

मागच्या खिडकीतून उतरताना बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी जे पाहिलं ते सगळं लिहीन हं. एक शब्द गाळणार नाही."

शेत पाहून ती आली तशीच परत गेल्यावर कॅरॅव्हॅन सोडवायला गडग्याचा एक तुकडा पाडावा लागला. पण कोलमॅन दगड उचलताना गात होता. "लपवली असती तर चुकलं असतं!" तो जावयाला म्हणाला. "माणसाला दिसलं की माणूस विरघळतो."

बाई शब्दाला जागली. पाहिलं ते सगळं तिनं लिहिलं, आणि कचेरीनं ते सगळं वाचलं. कुटुंबाची अडचण खरी आहे, असं उत्तरात होतं. पण जायची वाट इतकी अरुंद, की पाहणीच्या दिवशी एक वाहन तिथे पूर्ण अडकलेलं अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. अशा वाटेवर आणखी घर देता येत नाही. कॅरॅव्हॅनही हलवावी.

कोलमॅन मोठ्यानं वाचत होता. 'अडकलेलं वाहन' आल्यावर त्याला आधी हसू फुटलं, आणि मग ते तोंडावरच वाळलं. सोरखा चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"बाबा, चहा गार होतोय," एवढंच ती म्हणाली.

शाळा उघडायच्या आधी ती तिघं गॉलवे शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेली. गावच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई नाताळपर्यंत होत्या, मग त्याही गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात दातांचे डॉक्टर सहकुटुंब आले आणि एका सकाळी कोलमॅनच्या दारात उभे राहिले. माणूस सज्जन. "आमच्या मुलांना शाळेत आयरिश आहे," ते म्हणाले. "इथल्या मुलांशी खेळली तर जीभ वळेल. त्यांच्या वयाचं जवळपास आहे का कुणी?"

कोलमॅननं डोकं खाजवलं. उतारावर एकदा नजर फिरवली.

"मी आहे," तो म्हणाला.

त्या दुपारी सत्तरी ओलांडलेला कोलमॅन टोपी डोळ्यांवर ओढून, बंगल्याच्या भिंतीकडे तोंड करून, मोठमोठ्यानं आयरिशमध्ये आकडे मोजत होता. मग गुडघे धरत तो मुलांना शोधायला निघाला. बंगल्याला खोल्या पुष्कळ होत्या. कोरड्या, उजेडाच्या. एकेका खोलीत तो गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहत होता. शेवटच्या खोलीत वाकून त्यानं पलंगाखाली पाहिलं. अंधारात दोन डोळे चमकले आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ब्लॉनिद?"

पलंगाखालची पोर एकेक शब्द जुळवत आयरिशमध्ये म्हणाली, "ती... मी... नाही."

"ठाऊक आहे, बाळ," म्हातारा म्हणाला. "पण बोललीस छान."