संरक्षित वेळ

संशोधनाच्या योजनेत झालेल्या निवडीतून डॉक्टरीणबाईंना मिळणार होतं ते थोडंथोडकं नव्हतं. अपरात्रीच्या बाळंतपणांतून सुटका, दारावर नावाची पितळी पाटी, विभागप्रमुखपदाच्या रांगेत पुढचा नंबर आणि मुख्य म्हणजे 'संरक्षित वेळ'. स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्यात संशोधक डॉक्टर घडवण्याची ही योजना होती. निवडलेल्या डॉक्टरनं आठवड्यातले बहुतेक दिवस रुग्ण न तपासता फक्त संशोधन करायचं. विषय बाईंनी घरातूनच उचलला. धाकटी नणंद, पिलू, दर महिन्याला पोट धरून लोळायची आणि घरातून एकच उत्तर यायचं, "होतं असं." पाळीतलं दुखणं डॉक्टरपर्यंत इतक्या उशिरा का पोचतं, हे बाई शोधून काढणार होत्या.

"वहिनी, आधी मलाच तपास ना."

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं. जरा दम धर."

पहिला महिना वेळेचं संरक्षण कसं करावं, याच्या प्रशिक्षणात गेला. मग संरक्षणावर देखरेख ठेवायला समिती नेमली गेली. तिच्या बैठका संरक्षित वेळेतच बसवाव्या लागल्या, कारण बाईंचा बाकीचा वेळ रुग्णांनी अडवलेला होता.

बाईंनी कुरकुर केली, तेव्हा विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, "संरक्षित म्हणजे कुणीही हात लावायचा नाही."

"मीसुद्धा नाही, सर?"

"त्या वेळेच्या सगळ्यांत जवळ तुम्हीच असता, बाई. धोका तुमच्यापासूनच जास्त."

पुढे रुग्णांनी वेळ खाऊ नये म्हणून दाराशी पहारेकरी बसवण्यात आला. एका सकाळी पिलू तिथवर आली ती कमरेत वाकूनच.

"दुखणं संशोधनाचं की उपचाराचं?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"पोटाचं."

"म्हणजे उपचाराचं. खालच्या मजल्यावर जा."

"खालच्या डॉक्टरीणबाई कुठायत?"

"त्या इथं वर. संशोधनात."

"मग संशोधनाचं समजा!"

"समजलो. बाई तुमच्या कोण?"

"वहिनी."

"मग जमायचं नाही. नातलग घेतले की निष्पक्षपणा जातो."

आत बाईंना शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्या अर्धवट उठल्याही. पण समोर समिती बसली होती आणि चर्चेचा विषय होता 'रुग्णांचा व्यत्यय'. दार किलकिलं करून त्या कुजबुजल्या, "पिलू, घरी जा. रात्री बघते हं." रात्री अहवाल लिहायचा होता.

वर्षअखेरीस भरल्या सभागृहात बाईंनी निष्कर्ष मांडला. दुखणं उशिरा पोचतं, कारण स्त्रिया दुखणं अंगावर काढतात. टाळ्या थांबता थांबेनात.

त्याच आठवड्यात पिलूच्या पोटातली गाठ फुटली. अंगावर काढलेलं शेवटी अंगातून काढावं लागलं, सोबत उजवं अंडाशयही. शुद्धीवर येताच तिनं विचारलं, "वहिनी, उशीर का होतो ते सापडलं?"

"सापडलं," बाई म्हणाल्या.

एकंदरीत योजनेचा हिशेब चोख जुळला. विभागप्रमुखांना मुदतवाढ मिळाली, समितीला उपसमिती, पहारेकऱ्याला गादीची खुर्ची आणि बाईंना पाटी. किंमत तेवढी एकट्या पिलूनं मोजली. वाचून तुमच्या पोटात कालवलं असेल, तर मनावर घेऊ नका.

होतं असं.