साळूबाईंनी केली लॅपटॉपची शीतला सप्तमी

एका जंगलात आधी वीज आली, मग वाय-फाय आलं आणि त्याच्या पाठोपाठ साळूबाई साळिंदरीच्या घरात सून आली. वीज अधूनमधून जायची. वाय-फाय मनात येईल तेव्हाच यायचं. सून मात्र टिकली. साळूबाई म्हणायच्या, ही माझ्या सोळा सोमवारांची कृपा.

सुनेचं नाव पिंगा. बाळांनो, तिने माहेराहून काय आणलं असेल? घंगाळ? नाही. देवाची पळी? तीही नाही. तिने आणला एक जाडजूड लॅपटॉप, खेळ खेळण्याचा. त्याच्या बटणांखाली लाल-निळे दिवे लुकलुकायचे.

"अगंबाई, दिवाळीची माळच की गं!" साळूबाई हरखल्या.

आता साळूबाईंच्या घरची रीत अशी, की कुठलीही वस्तू हळदीकुंकवावाचून राहायची नाही. मिक्सरला कुंकू होतं. कपडे धुण्याच्या यंत्रावर स्वस्तिक होतं. मग सुनेच्या लॅपटॉपनेच काय पाप केलं होतं? साळूबाईंनी त्याला क्रोशाचा रुमाल विणला. आणि दर शुक्रवारी पिंगा ओढ्यावर न्हायला गेली, की त्या गुपचूप त्याची पूजा करू लागल्या.

पिंगा यंत्र चालूच ठेवून जायची. कुठलासा नवा खेळ आत उतरत असायचा. यंत्राच्या बुडाशी एक बारीक जाळी होती, थेट देव्हाऱ्यासारखी. साळूबाई यंत्र जरा कलतं करायच्या आणि हळदीची चिमूट जाळीशी न्यायच्या.

सुर्र! हळद आत.

कुंकू नेलं. सुर्र! तेही आत. चार अक्षताही गेल्या.

साळूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं नैवेद्य दाखवला, पण असा डोळ्यांदेखत कुणी घेतला नव्हता. "मानून घेतलं हो!" त्यांनी हात जोडले. पुढच्या शुक्रवारी दोन चिमटी घातल्या.

श्रावण लागेपर्यंत लॅपटॉप तापू लागला. आधी कोमट, मग कढत. पंखा असा घोंघावायचा की शेजारच्या बिळातल्या कासवीणबाई विचारायच्या, "दळण घातलंय का हो?" आणि ऐन लढाईत पडदा काळा व्हायचा.

पिंगा जंगलाच्या संघातून खेळायची. रविवारी पलीकडच्या जंगलाशी अंतिम सामना होता. कर्णधार गेंडा स्वतः दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, परवा तुम्ही मधेच गायब झालात आणि आम्ही पाचजण हकनाक मेलो. आणखी एकदा असं झालं तर तुमच्या जागी कोल्हा."

पिंगा त्या दिवशी जेवली नाही. सासरी आल्यापासून तिचं स्वतःचं म्हणून एवढंच तर होतं. साळूबाईंचा जीव तुटला.

दुरुस्तीवालं माकड आलं. त्याने यंत्राला बोट लावलं आणि फुंकर मारत काढून घेतलं.

"काकू, ग्राफिक्स कार्ड तापतंय. पंचाण्णव अंश! पापड भाजून घ्या ह्याच्यावर."

"उपाय सांग रे, पापड आहेत माझ्याकडे भाजलेले."

"नवीन घ्या," माकड म्हणालं आणि चहा पिऊन गेलं.

"पिंगे, हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय गं?" साळूबाईंनी हळूच विचारलं.

पिंगाने नाक पुसलं. "आतली चूल समजा, आई. तिच्यावर चित्रं शिजतात. जितकी भराभर चित्रं, तितका जाळ."

साळूबाई थबकल्या. मग त्यांच्या पाठीवरचे सगळे काटे आनंदाने उभे राहिले.

"अगं, मग सोपंय! चुलीचं दैवत शीतलादेवी. शनिवारी तिची सप्तमी. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, झाडूनपुसून तिची पूजा करायची, आदल्या दिवशीचं थंड जेवायचं. तुझ्या चुलीला आजवर एक तरी सुट्टी मिळाली का?"

"आई, शनिवारी शेवटचा सराव आहे."

"तो गेंड्याकडे जाऊन कर. त्याच्या यंत्रासाठी हवं तर मी उपास धरते."

पिंगा हसली. चार दिवसांनी पहिल्यांदा हसली. "बरं," म्हणाली.

शनिवारी साळूबाईंनी स्नान करून लॅपटॉप पाटावर घेतला. हळदीची वाटी उचलली आणि परत ठेवली. राख काढल्याशिवाय चुलीची पूजा करायची नसते, हे त्यांच्या सासूबाईंनी बजावलेलं होतं. मग त्यांनी पाठीवरचा सगळ्यांत बारीक काटा उपटला, देवीचं नाव घेतलं आणि एकेक करून सात स्क्रू काढले.

झाकण उघडलं.

सगळा नैवेद्य तिथेच होता.

पंख्याची पाती पिवळी झाली होती. जाळीत हळदीकुंकवाचा बोळा बसला होता, क्रोशाच्या तुसांनी घट्ट विणलेला. आणि पात्यांच्या फटीत अक्षता, अगदी मोजून वाहिलेल्या.

"देवी, हे मीच केलं गं," साळूबाई पुटपुटल्या.

देवी काही बोलली नाही. सुट्टीचा दिवस होता तिचा.

साळूबाईंनी काट्याने एकेक अक्षत टिपली. देव पुसायच्या कुंचल्याने पातं न् पातं स्वच्छ केलं. बोळा कचऱ्यात कसा टाकणार? निर्माल्यच ते. तो त्यांनी तुळशीच्या बुंध्याशी ठेवला. स्क्रू परत लावले तेव्हा एक उरला. तो कुंकवाच्या करंड्यात लपवला.

संध्याकाळी पिंगा आली, तुळशीला दिवा लावून आत आली आणि दहीभात नि कालच्या दशम्या खायला बसली. साळूबाईंनी तीनदा तोंड उघडलं.

"पिंगे, मी ना..."

"आई, दशमी वाढा ना अजून एक," पिंगा म्हणाली. तीनही वेळा असंच झालं.

रविवारी गेंड्याच्या अंगणात सामना झाला. अडीच तास! पंखा मांजरीसारखा गुरगुरत राहिला, पडदा एकदाही काळा झाला नाही आणि जंगल जिंकलं. गेंडा तर रडला.

"वहिनी, केलंत तरी काय?"

"आईंनी शीतलादेवीचं व्रत केलं," पिंगा म्हणाली. साळूबाईंनी डोळे मिटून घेतले.

घरी येताना मात्र त्यांना राहवेना. "अगं, व्रताचं काय सांगतेस? हळद मीच..."

"तुळशीत बोळा सापडला मला, आई. कालच." पिंगाने त्यांचा हात धरला, काटे सांभाळून. "शुक्रवारची पूजा सोडू नका. फक्त हळदीकुंकू झाकणावर वाहा. आणि सकाळी कुंकू लावताना करंड्यात दिसला तो स्क्रू तेवढा द्या. सामनाभर खालचं झाकण खुळखुळत होतं."

एव्हाना बातमी जंगलभर झाली होती. पुढच्या शुक्रवारी घरोघरी लॅपटॉप पाटावर बसले. पण झाडूनपुसून घेण्याचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. हळद मात्र सगळ्यांनी जाळीतूनच वाहिली. सुर्र!

माकडाने लगेच शेजारची फांदीही दुकानासाठी घेतली.

तात्पर्य: बाळांनो, श्रद्धेने सगळं चालतं, लॅपटॉपसुद्धा. फक्त ती आधी पंख्यातून बाहेर काढावी लागते.