चौरसाचे कर्ण

सातवीच्या वर्गाला चौरस काही केल्या कळत नव्हता. जोएल मास्तर फळ्यावर चौरस काढोत, आयत काढोत, समभुज चौकोन काढोत, पोरांचं उत्तर एकच, "डबा, सर."

"आता फळा बंद. जमिनीवर शिकवतो," मास्तरांनी मुख्याध्यापकांना छातीठोक सांगितलं. "पोरं स्वतः बाजूबाजूनं चालली, की जन्मात विसरणार नाहीत."

त्या डोंगराळ बेटावर सपाट जागा एकच, विमान उतरायची गवताची पट्टी. विमान यायचं फक्त गुरुवारी दुपारी. मास्तरांनी मुद्दाम गुरुवारच धरला, कारण त्याच दिवशीच्या विमानानं त्यांची बायको रोझलिन येणार होती. ती सांतो या मोठ्या बेटावरच्या इस्पितळात परिचारिका. मास्तरांची बदली इकडे झाल्याला पाच महिने झाले होते. संध्याकाळी रिकाम्या घरात शिरताना ते "आलो गं" म्हणायचे आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून खिडकीबाहेर बघायचे. रोझलिनला रजा मिळाली होती आठ दिवसांची. सकाळीच त्यांनी दुसरी उशी उन्हात टाकली, कोंबडी घालून लापलाप, म्हणजे पानात गुंडाळलेला किसलेल्या कंदांचा लगदा, तापल्या दगडांखाली पुरला आणि तिच्या आवडीचा लाल सदरा चढवला.

चर्चच्या रंगकामातून उरलेला चुना आणि रानवेलीची दोरी घेऊन वर्ग पट्टीवर पोचला. गवत मधोमधच बारीक होतं, म्हणून आकृती मधोमध. तीस पावलांच्या चार बाजू आखून झाल्या.

"चारही बाजू सारख्या. मग झाला का चौरस?" मास्तरांनी विचारलं.

"समभुज चौकोनही असेल, सर," मेरिआन म्हणाली. पाच महिन्यांतलं हे पहिलं शहाणं उत्तर. मास्तरांना भरून आलं.

"शाबास. मग कर्ण मोजा. सारखे भरले तरच चौरस."

कर्ण वेलीनं मोजले, सारखे भरले. पोरांनी उत्साहाच्या भरात उरलासुरला चुना दोन्ही कर्णांवर जाड ओतला. तेवढ्यात विमान आलं.

पट्टीच्या कडेला उभं राहून मास्तर दोन्ही हातांनी खुणावू लागले. पोरंही हात हलवू लागली. विमान खाली आलं, घिरटी घालून वर गेलं. दुसऱ्यांदा आलं, पुन्हा वर.

"सर, त्यांना आपला चौरस आवडला."

तिसऱ्या घिरटीनंतर विमान समुद्रावरून निघून गेलं. मास्तरांचे हात वरच राहिले.

पट्टीची देखभाल करणारे म्हातारे बुले आबू पार दुसऱ्या टोकाला गाई हाकत होते. ते धापा टाकत आले. "मास्तर, ही फुली कुणी मारली?"

"फुली नाही, आबू. कर्ण आहेत."

"वैमानिकाला कर्ण कुठले कळतात? पट्टीवर पांढरी फुली म्हणजे पट्टी बंद. उतरायचं नाही."

टेकडीवर फोन लागायचा, तिथे मास्तर जाऊन बसले. दोन तासांनी रोझलिनचा फोन आला. ती सांतोला परत पोचली होती.

"कुणीतरी फुली मारून ठेवली होती रे. कोण शहाणा?"

"चौकशी चालू आहे," मास्तर म्हणाले.

"लाल सदऱ्यात तूच होतास ना? केवढा हात हलवत होतास. मीही हलवला. दिसला का?"

"नाही गं."

"पुढच्या गुरुवारी माझी रजा संपते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी लापलाप उकरला, आठदहा घास खाल्ले आणि बाकीचा बुले आबूंकडे नेऊन दिला. आबूंनी बसायला सांगितलं. मास्तर बसले, ते उशिरापर्यंत उठलेच नाहीत. आबूंनीही उठवलं नाही.

शुक्रवारी ते वर्गात उभे राहिले. फळ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "चौरसाच्या कर्णांबद्दल काय सांगाल?"

सबंध वर्ग एका सुरात म्हणाला, "काढले की विमान उतरत नाही, सर."

मास्तरांनी बराच विचार केला. उत्तर चूक म्हणता येईना.