कुणी मिक्सर लावलाय?

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी चटणी वाटायला घेतली आणि खालून "कुणी मिक्सर लावलाय?" अशी आरोळी आली, की समजायचं, पहिल्या मजल्यावरच्या नानांचा कॉम्प्युटर पुन्हा आपोआप बंद पडून सुरू झाला. सगळ्या घरांतले मिक्सर मुकाट्यानं थांबतात. कॉम्प्युटर तरीही बंद पडायचा तो पडतोच. मग नाना लिफ्टवर संशय घेतात, नाहीतर नाशिक रोड स्टेशनात शिरणाऱ्या मालगाडीवर.

नाना सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, काळजीतून नाही. "काही होणार नाही ना?" हे त्यांचं पालुपद. गॅस बंद केल्यावर हेच, रिक्षात बसताना हेच. एकदा त्यांना मिसळ खायला नेलं, तर तर्री वाढणाऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं. तो म्हणाला, "काका, लय झालं तर घाम येईल."

पण या वेळची काळजी खरी होती. वर्षभरापासून नानांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, हात थरथरतात. शुक्रवारी सकाळी मुंबईचे मोठे डॉक्टर त्यांना व्हिडिओ कॉलवर तपासणार होते. मुश्किलीनं नंबर लागला होता. कॉल मध्येच तुटला तर पुन्हा रांगेच्या शेवटी.

"माझ्या मोबाइलवरून करू," मी म्हटलं.

"आणि मोबाइल धरणार कोण? मी? अरे, तिच्यापेक्षा माझेच हात जास्त थरथरतील. डॉक्टर गोळ्या मलाच देतील."

मी पतसंस्थेत कारकून. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणून बिल्डिंगनं मला परस्पर इंजिनियर करून टाकलंय. मी वायरी हलवून पाहिल्या, एक्स्टेंशन बोर्ड बदलला. मग सीपीयूवरच्या कापडी कव्हराला हात घातला, तसं नानांनी आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

जाड कापड, आतून अस्तर, खाली झालर. समोर बटणापुरतं भोक, मागे पंख्याची जागा मात्र पूर्ण झाकलेली. आतला डबा तव्यासारखा तापला होता.

"नाना, हे काढा आधी. याचा जीव गुदमरतोय."

"हळू बोल! मला शंका आली होतीच."

"मग लोकांच्या मिक्सरवर कशाला ओरडता?"

"कुणावर तरी ओरडायला नको?" नाना खाली बसले. "आख्ख्या बिल्डिंगच्या फ्रिज-मिक्सरची कव्हरं तिनं शिवली. हे शेवटचं. हात थरथरायला लागल्यावर शिवलंय, टाके बघ कसे पडलेत. रोज सकाळी येऊन त्याच्यावरून हात फिरवते. एक दिवस ते दिसलं नाही तर तिला काय वाटेल?"

"कॉलपुरतं काढू."

"अरे, कॉलला तीच समोर बसणार ना!"

मी कव्हर पुन्हा नीट चढवलं. शुक्रवारची मलाही धास्ती वाटायला लागली.

गुरुवारी सकाळी नाना भाजीला गेले आणि काकू माझ्या दारात आल्या. पदराखाली ते कव्हर.

"कात्री असेल ना? मागे पंख्यापुरती खिडकी कापून दे. माझ्या हातून नीट व्हायचं नाही."

"तुम्हाला कसं कळलं, काकू?"

"जन्मभर कापड हाताळलंय मी. रोज हात फिरवते, तापलेलं कळत नाही होय? यांना सांगितलं तर कात्री लावू देणार नाहीत. आणि ते सारखं लोकांवर ओरडतात, मला ऐकवत नाही रे." कव्हर माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "विचारलंच तर सांगेन, उंदरानं कुरतडलं."

त्या वाकड्यातिकड्या टाक्यांशेजारी माझीही कात्री सरळ चालेना. खिडकी अगदीच वेडीवाकडी झाली.

शुक्रवारी कॉल लागला. नाना बोर्डाच्या लाल दिव्याकडे टक लावून उभे. काकूंनी हात पुढे धरले, बोटं मिटून उघडून दाखवली, कागदावर गोल काढला. डॉक्टरांनी सगळं शांतपणे पाहिलं, गोळ्या सांगितल्या, फरक पडेल म्हणाले. मध्येच वर कुणीतरी मिक्सर लावला. नानांनी डोळे मिटून घेतले. कॉम्प्युटर चालूच राहिला.

मला सोडायला नाना जिन्यापर्यंत आले. दार ओढून घेतलं आणि माझ्या कानाशी लागले.

"एक घोळ झालाय. कव्हर उंदरानं कुरतडलंय. मागच्या बाजूनं."

"हो का?"

"सकाळी धूळ पुसताना दिसलं. सीपीयू जरा वळवून ठेवलाय, म्हणजे तिचा हात तिथवर जाणार नाही." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तू काही बोलू नकोस हं. फार जीव लावून शिवलंय तिनं."